तांत्रिक अडचण

यादी रिकामी होती. सकाळी दहापासून मी ती अकरा वेळा तरी उघडून पाहिली असेल, आणि अकराही वेळा तोच पांढरा कोरा चौकोन. वर मथळा, "उपलब्ध ड्रायव्हर". खाली ठणठणगोपाळ.

चिखलीच्या बाजारपेठेतल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत मी बसले होते. पाठीशी फवारणीच्या औषधांचे खोके, समोर नवा संगणक, आणि त्या औषधांचा वास असा की दुपारपर्यंत डोकं धरणार म्हणजे धरणार. दुकान चाचांचं. बियाण्यांचा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा, आणि गावात त्यांना चाचा म्हणत नाही असा माणूस नाही. मी तेव्हा गावात संगणकाचा क्लास चालवायचे आणि जोडीला दुकानदारांना छोटे छोटे प्रोग्रॅम करून द्यायचे. चाचांचा बिलांचा प्रोग्रॅम माझाच, कितीतरी वर्षांपूर्वीचा. गिऱ्हाईकाचं नाव, गाव, वाण, पाकिटं किती, लॉट नंबर. टाका, छापा, द्या. चालत होता बिचारा मुकाट्यानं.

मग पावसाळ्यात वीज कमीजास्त झाली आणि जुना संगणक जळला. डिस्क तेवढी वाचली. चाचांनी बुलढाण्याहून नवा संगणक आणला, जुन्या डिस्कवरची फाईल त्यात टाकून घेतली आणि मला फोन लावला, "मॅडम, सब आ गया, बस खुलता नही."

बस खुलता नही! हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. जणू दाराची कडी अडकली आहे, मॅडमनी येऊन एक लाथ घातली की झालं. मी माझं जुनं टूल सोबत नेलं होतं, ज्यात हा प्रोग्रॅम लिहिला ते. ते नव्या मशीनवर चढवलं, फाईल दाखवली. आता टूल आणि माहितीची फाईल यांना एकमेकांची भाषा येत नाही, मध्ये दुभाषा लागतो. त्या दुभाष्याचं नाव ड्रायव्हर. तो मशीनवर असला की टूल त्याला आपणहून हुडकतं आणि यादीत दाखवतं. आमच्या यादीत चिटपाखरू नव्हतं.

एरवी मी म्हटलं असतं, उद्या बघू. पण ते बोंडअळीचं वर्ष होतं. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं डोळे मिटून बीटी लावली, आणि त्या वर्षी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. वावरंच्या वावरं गेली. कृषी कार्यालयात तक्रारीचे अर्ज घेणं सुरू होतं. अर्जाला बिल पाहिजे, आणि बिलावर बियाण्याचा लॉट नंबर पाहिजे, म्हणजे पाकिटं एका वेळी भरली त्या खेपेचा नंबर. तो असला तरच साहेबलोक वावर पाहायला येणार. दुसऱ्या दिवशी अर्ज बंद होणार होते.

आणि खोलीच्या दारात, खताच्या एका पोत्यावर, एक बाई बसून होती. माझ्याच वयाची असेल. जीपनं अर्ध्या तासावरच्या गावाहून सकाळीच आली होती. तिच्याकडे बिल होतं, पण लॉट नंबर चाचांनी पेनानं लिहिलेला आणि घरात ओल येऊन त्याचा निळा डाग झालेला. कार्यालयातल्या बाबूनं सांगितलं, दुकानातून नवीन बिल आणा.

"पाकिटावर असतो ना नंबर, वहिनी," मी म्हटलं.

"पाकीट काडीले टोचून वावराच्या धुऱ्यावर लावलं व्हतं ना ताई, कोन्तं बी लावलं ते समजाले. उन्हानं पांढरंफट झालं."

चाचांवर मी तेव्हाच घसरले. "प्रोग्रॅम बिल छापतो, तर नंबर पेनानं काऊन लिहिता हो?"

"वो प्रिंट में बराबर नही आता मॅडम," चाचा म्हणाले आणि गिऱ्हाईकाकडे वळले. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ड्रायव्हर मी तीनदा चढवला. चढवताना कुठे कटकट नाही. शेवटी गोड शब्दांत, "काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले." मशीन बंद करून चालू केली. यादी कोरी. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर तिथे ड्रायव्हर नावानिशी हजर! मशीन म्हणतेय आहे, टूल म्हणतंय नाही. माझं डोकं फिरलं. मी पडद्याला मोठ्यानं म्हटलं, "आहे ना रे तो तिथे, आहे ना! मग तुले दिसत काऊन नाही?"

बाहेरून चाचांचा आवाज, "मुझसे बोले क्या मॅडम?"

टूल काढून परत टाकलं. फाईलची जागा बदलून पाहिली, नाव बदलून पाहिलं. जे जे म्हणून लोक अडले की करतात ते सगळं केलं, त्यात निम्मं असं होतं की त्यानं काही होणार नाही हे मलाही माहीत होतं. मग बारा वाजता लाईट गेली. बॅटरीवर वीस मिनिटं मशीन चालली आणि तीही गेली. अंधारात पाठ भिंतीला टेकून बसले. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या धंद्याचा कंटाळा आला होता. मशीनचा नाही, तिच्यासमोर एकटीनं बसण्याचा.

वहिनीनं पिशवीतून भाकरी काढली आणि निम्मी माझ्यासमोर धरली. नको म्हणायची सोय नव्हती. वर ठेचा. खाता खाता ती बोलायला लागली.

"माहे मालक सुरतेले हायेत कामाले. पयले वावर सासरे पाहत. ते गेले तं म्या म्हटलं, मी पाहतो. दीर म्हने, तुले काय समजते शेतीतलं? तरी केलं दोन वर्सं, चांगलं केलं. यंदा हे अयी आली."

"अळी तर सगळ्यांकडेच आली," मी म्हटलं.

"आली ना. पन त्यायचं अयीनं गेलं, माहं माह्या हातानं गेलं म्हनते. बाईच्या हाती वावर देल्लं अन मातेरं झालं म्हनते. आता बटईनं देऊन राह्यला कोनाले तरी."

बटई म्हणजे वावर दुसऱ्यानं कसायचं आणि पीक निम्मं निम्मं. एकदा बटईनं गेलेलं वावर घरातल्या बाईच्या हाती परत येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"साहेब लोकं येतीन, पाह्यतीन, अन कागदावर लिहून देतीन का चूक बियान्याची हाय," ती म्हणाली. "ते पैसे भेटो का न भेटो. मले तो कागद पाहिजे, दिराले दाखवाले."

मदत मिळावी म्हणून अर्ज करणारे मी बरेच पाहिले होते. कुणीतरी चूक लिहून द्यावी म्हणून बसलेली ही पहिलीच.

दीडला लाईट आली. मी पुन्हा मशीनची माहिती उघडली, काहीतरी वाचायचं म्हणून वाचत होते, तेही मोठ्यानं, कारण एव्हाना मला लाज उरली नव्हती. "चौसष्ट बिट..."

"काय म्हनलं ताई? ह्या मशीनीतबी बीटी आलं काय?"

मी हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. "बीटी नाही हो वहिनी, बिट. मशीनची जात असते. ही चौसष्टची, पहिली बत्तीसची होती."

"तेच ना मंग. बीटीच्या पाकिटात नाही का, एक लहानी पुडी राह्यते बिगरबीटीची. वरून पाकीट एकच. वावराच्या कडेनं लावा म्हनते ते बी. कोनी लावत नाही, पुडी फेकून देतेत. बी पाह्यलं तं दोन्ही सारखंच दिसते, काय समजते त्यातलं."

वरून पाकीट एकच. मी खुर्चीत सरळ झाले.

ड्रायव्हरच्याही दोन जाती असतात हो! नाव तेच, चित्र तेच, आत एक बत्तीसचा आणि एक चौसष्टचा. मशीन चौसष्टची म्हणून मी डोळे झाकून चौसष्टचा उतरवून घेतला होता. पण माझं टूल म्हातारं, बत्तीसचं. त्याला फक्त बत्तीसचे दिसतात. शेजारी चौसष्टचा हात वर करून उभा असला तरी त्याच्या लेखी तिथे कुणी नाही. आणि ह्या सेटिंगच्या खिडक्याही दोन आहेत, दोन्हींचं नाव एकच, आणि कहर म्हणजे जिच्या फोल्डरवर बत्तीस लिहिलंय तिच्यात चौसष्टचे असतात. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला एकदा चिखलीच्या उन्हात, बिना लाईटीचं, ह्या खोलीत बसवायला पाहिजे.

मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी मुलांना शिकवायचे हे. पण थकलेलं डोकं माहीत असलेलंच आधी विसरतं.

चौसष्टचा काढला. बत्तीसचा उतरवायला नेटनं पाऊण तास घेतला, दोनदा मध्येच तुटलं. चढवला. टूल उघडलं. यादी उघडली.

एक ओळ होती.

"दिसलं?" वहिनी पोत्यावरून उठून माझ्या खांद्याशी आली होती.

"दिसलं."

चाचांनी बाहेर पोराला भज्यांना पिटाळलं. मी फाईल जोडली, "जोडणी यशस्वी", आणि माझा जीव भांड्यात पडला. नावानं शोध लावला. तिचं नाव आलं. गाव आलं, वाण आला, चार पाकिटं आली. आणि लॉट नंबरच्या रकान्यात दोन स्वल्पविराम.

शेजारी शेजारी दोन स्वल्पविराम, बाकी काही नाही. मला आधी वाटलं फाईल बिघडली. सगळी पाहिली. दहा ओळींत एखादा पूर्ण नंबर आणि खाली सगळीकडे त्याच दोन खुणा. मग डोक्यात प्रकाश पडला. वहीत आपण करतो ना, वरच्यासारखंच असलं की खाली अशाच दोन खुणा. चाचांनी पन्नास वर्षं रजिस्टर असंच लिहिलं होतं. एका खोक्यातली सगळी पाकिटं एका लॉटची. पहिल्या बिलाला नंबर, पुढच्यांना "वरच्यासारखं". आणि बिलावर त्याच खुणा छापून यायच्या म्हणून ते खरा नंबर पाकीट पाहून पेनानं लिहायचे.

"चाचा, हे काय केलं?" माझा आवाज चढला.

चाचा दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. "मॅडम, मैं ने आप को पूछा था. हर बार पूरा लिखना पड़ता क्या? आप बोले, तुम्हाला समजलं म्हणजे झालं."

मी बोलले असेन. बोललेच होते. त्या काळी एका दिवसात तीन दुकानं करायचे, मागे स्कूटर चालू ठेवून शिकवायचे. त्या रकान्यात पूर्ण नंबरच घ्यायचा, दुसरं काही आलं तर पुढे सरकू द्यायचं नाही, एवढं करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. सकाळपासून मशीनला, ड्रायव्हर बनवणाऱ्यांना, वीज मंडळाला, सगळ्यांना माझ्या शिव्या घालून झाल्या होत्या, आणि घोळ माझ्याच हातचा होता.

तरी वाट होती. बिल नंबरनं ओळी लावल्या, म्हणजे "वरचं" कोण ते दिसलं. वहिनीच्या वर सहा ओळींवर एक पूर्ण नंबर. पण तिच्या लगेच वरचं बिलच गायब. कुणीतरी पाकिटं परत केली असतील, चाचांनी ती ओळ पुसून टाकली. आता त्या पुसलेल्या बिलाला नवा खोका फुटला होता की नाही? फुटला असेल तर वहिनीचा लॉट वेगळा. स्टॉकच्या रजिस्टरात त्या दिवशी दोन लॉट आलेले. चाचांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. नाही आठवलं. कसं आठवणार?

"ऊपर वाला लिख दो ना मॅडम," चाचा हळूच म्हणाले. "कौन देखता है."

वहिनी माझ्याकडे पाहत होती. "तोच असन का पन?"

"माहीत नाही, वहिनी. असेल, नसेल."

"मंग नोका लिहू. उद्या खोटं निंघालं तं दीर म्हनन, पाह्यलं, हे बी खोटंच."

चार वाजून गेले होते. पाचची जीप तिला गाठायची होती. मी तिला सगळं सांगितलं, न लपवता. की नंबर मशीनमधून हरवला नाही, तो मशीनमध्ये कधी लिहिलाच गेला नाही, आणि तो लिहून घ्यायची जबाबदारी माझी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं डाग पडलेलं बिल पिशवीत परत ठेवलं. मग म्हणाली, "तुमी लिहून देसान का?"

"काय?"

"हेच. चूक कोनाची ते."

चाचांनी मान हलवली, "सोच लो मॅडम." ते माझ्या काळजीनंच बोलत होते. चिखलीत बियाण्यांच्या नऊ दुकानांत माझा हाच प्रोग्रॅम होता, आणि गाव लहान. मी तरी क्लासचा छापील कागद काढला. लिहिलं की, ह्या शेतकरी महिलेनं ह्या दुकानातून अमुक वाणाची चार पाकिटं घेतल्याची नोंद आम्ही पाहिली आहे, तांत्रिक अडचणीमुळे लॉट नंबर उपलब्ध होऊ शकत नाही. खाली सही.

तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. बोट एका शब्दावर थांबलं. "तांत्रिक म्हनजे कोन?"

"कोण नाही हो. म्हणजे अशी, मशीनची वगैरे अडचण."

"मशीनीची चूक व्हय?"

"नाही."

"मंग?"

मी आजवर किती कागदांवर तो शब्द लिहिला असेल! कुणालाच लागत नाही, कुणावरच येत नाही, म्हणून तर लिहितो आपण. मी दुसरा कागद घेतला. "प्रोग्रॅम तयार करताना माझ्याकडून झालेल्या चुकीमुळे." तिनं परत वाचलं, शिक्का मारायला लावला, घडी करून पिशवीत घातला आणि जीपसाठी धावत गेली. भजी तशीच राहिली.

त्यानंतर मी नऊही दुकानांत जाऊन तो रकाना दुरुस्त केला. कुणी विचारलं तर का ते सांगितलं. दोघांनी काम काढून घेतलं. मला वाईट वाटलं, राग नाही आला.

पेरणीच्या दिवसांत चाचांच्या दुकानात ती पुन्हा दिसली. तुरीचं बियाणं घ्यायला आली होती. मी जरा घाबरतच विचारलं, कागदाचं काय झालं?

"साहेबानं अर्ज घेतला, तुमचा कागद वापस देल्ला. असा कागद लागत नाही म्हने. वावर पाह्याच्या यादीत नाव नाही आलं माहं."

"आणि दीर?"

"त्याले देल्ला वाचाले. दोनदा वाचला. म्हने, एवढी शिकेल बाई, अन सोताची चूक लिहून देते? म्या म्हटलं, हाव, देते. मंग घडी करून माह्या हाती वापस देल्ला."

"म्हणजे वावर तुमच्याकडेच राहिलं?"

"नाही. बटईनंच देल्लं."

माझा चेहरा पडला असणार, कारण ती घाईघाईनं पुढे बोलली.

"मलेच देल्लं. म्या म्हटलं, परक्याले द्याचं तं मले द्या. निंघालेलं निम्मं तुमचं, निम्मं माहं."

"अहो वहिनी, घरचं वावर! घरच्याच वावरात बटईदार?"

मला इतका संताप आला की मी तिच्यावरच खेकसले. तिनं बियाण्याची पिशवी काखेत घेतली, बिलावरचा नंबर पाकिटाशी ताडून पाहिला आणि म्हणाली, "तं काय झालं, ताई. पेरून तं मीच राह्यली ना."